सोळा मीटरवरचं जाळं

बुडालेली बोट बघायला माणशी चारशे दिरहम पडतात, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वरच, हे मी पप्पांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांनी स्वतः एक बोट बुडवलेली आहे, तीही फुकटात. त्यांच्या गळी हे उतरणार नाही.

‘बुडवलेली’ असं म्हणणारा मी एकटाच. वसईला आमच्या किनाऱ्यावर लोक नुसतं ‘बोट गेली’ म्हणतात आणि विषय बदलतात. पण माझा धंदाच असा आहे की मला विषय बदलता येत नाही. दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठावर आमचं ऑफिस आहे, खिडकीतून धाऊ, म्हणजे अरबी लाकडी गलबतं, लागलेली दिसतात, आणि आतमध्ये मी समुद्री विम्याच्या दाव्यांचं काम करतो. कुठली बोट बुडाली, का बुडाली, कुणाच्या चुकीनं बुडाली, हे मी पंचवीसहून जास्त वर्षं एसीत बसून ठरवत आलोय. मच्छीमार बोटीची फाईल आली की शेवटी शेऱ्याच्या रकान्यात मी एक वाक्य हमखास टाकतो: अडकलेलं जाळं वेळेत कापलं असतं तर बोट वाचली असती. साहेबांना ते वाक्य आवडतं. ते किती फाईलींमध्ये गेलंय याची मोजदाद नाही, आणि एवढ्या वर्षांत मी स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नव्हतो.

वाक्य अर्थातच ऑफिसमध्ये शिकलेलं नाही. ते घरून आणलेलं आहे.

आमची बोट सहा खलाशांची होती आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, पप्पा स्वतः. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. त्या साली पावसाळी मासेमारीबंदीचे सगळे महिने आई ओट्यावर बसून पापलेटचं नवं जाळं विणत होती. तयार जाळी बाजारात केव्हाच मिळायला लागली होती, पण आईचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. लाकडी सुईत नायलॉनचा दोरा भरून देणं हे माझं काम. मांडीवर अकाउंटन्सीचं पुस्तक आणि हातात दोऱ्याचं रीळ, अशी माझी त्या वर्षीची पदवीची तयारी झाली.

जाळ्याच्या बाबतीत आमच्या घरात एकच कायदा होता: गुंता झाला तर सोडवायचा, कापायचा नाही. खडकानं फाडलं तर चालायचं, उंदरानं कुरतडलं तरी चालायचं, पण घरातल्या माणसानं जाळ्याला सुरी लावायची नाही. सहा वर्षांचा असताना मला गुंता सोडवायला शिकवलं होतं. ओढायचं नाही, उलट आत ढकलून सैल करायचं. जाळ्याचा जो डोळा, म्हणजे छिद्र, शेवटी अडकलाय तो पहिला सोडवायचा. आई एका गुंत्यापुढे दोन दोन तास बसायची, मध्ये भात करपला तरी उठायची नाही.

हंगामाच्या तिसऱ्या फेरीला, सकाळी दहाच्या सुमाराला, ते नवं जाळं समुद्राच्या तळाशी कशाला तरी अडकलं. वारा वाढत होता. खलाशी म्हणाले, तांडेल, कापा. पप्पा म्हणाले, थांबा, सुटेल. अर्धा तास ते हेच म्हणत राहिले. जाळ्यानं बोटीची मागची बाजू खाली धरून ठेवली होती, त्यात लाट चढली, मग दुसरी चढली, आणि बोट गेली. गावातलीच दुसरी बोट जवळ होती म्हणून सातही जण वाचले. पोहता त्यातल्या एकालाही येत नव्हतं. आमच्याकडे समुद्रात मासे पकडायला जातात, पोहायला जायची गरजच काय, असा एकूण विचार असे.

मी त्या वेळी कॉलेजात होतो, त्यामुळे काय करायला हवं होतं ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. ज्या जाळ्यासाठी बोट घालवली ते जाळंही बोटीबरोबर गेलं, हे मी घरात दोनतीनदा बोलूनही दाखवलं. पप्पा दुसऱ्या कुणाच्या बोटीवर गेले नाहीत. ओट्यावर बसले ते आजतागायत. तीन वर्षांनी दुबईला यायला निघालो तेव्हा पाया पडायच्या आधी मी त्यांना म्हणालो, “एका जाळ्यासाठी, पप्पा.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग वर्षं गेली. मी लग्न केलं, इंटरनॅशनल सिटीत फ्लॅट घेतला, भाड्यानंच. मुलगी झाली. तीन वर्षांपूर्वी आई गेली, घरी पप्पा आणि भाऊ-वहिनी उरले, आणि तेव्हापासून पप्पांनी एक नवीन सवय लावून घेतली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी फोन लावतो, इथले अकरा, तिथले साडेबारा. तब्येत, पाणी, शेजारच्यांचं कुंपण हे सगळं झालं की ते विचारतात,

“तू असतास तर कापलं असतंस का रे?”

“एका सेकंदात, पप्पा,” मी म्हणतो.

“हं,” ते म्हणतात आणि फोन वहिनीकडे देतात.

म्हातारा माणूस दर रविवारी असा प्रश्न का विचारतो हे कळायला फार अक्कल लागत नाही. समोरच्याला माझ्या तोंडून एक वाक्य हवंय हे मला लगेच ओळखू येतं, मी पोट त्याच्यावरच भरतो. त्यांना हवं होतं की एकदा तरी मी म्हणावं, नाही पप्पा, मलाही जमलं नसतं. वाक्य सोपं होतं. मी ते देत नव्हतो. दीडशे रविवार होऊन गेले असतील, प्रत्येक रविवारी ते ‘हं’ ऐकून मला वाईट वाटायचं आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच उत्तर द्यायचो. मी स्वभावानं असाच आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. मागच्या वर्षी ती शाळेतल्या मैत्रिणींबरोबर स्कूबा डायव्हिंग शिकली आणि पाण्याखालची झाली. आम्ही समुद्राची माणसं, असं मी तिच्या लहानपणापासून जेवताना ऐकवत आलो होतो. हे असलं काही कधीतरी अंगाशी येतं. पन्नाशी उलटल्यावरच्या वाढदिवसाला बायकोनं आणि तिनं मिळून मला कोर्स भेट दिला.

“यू ऑल्वेज सेड वी आर सी पीपल,” मुलगी म्हणाली.

“अगं, मला पोहता येत नाही.”

“व्हॉट?” ती म्हणाली. मग आईकडे वळून, “मम्मा, ही कान्ट स्विम!” बायको हसून हसून खुर्चीत बसली. अठरा वर्षांच्या संसारात तिलाही हे माहीत नव्हतं.

तर मी पोहायला शिकलो. एका हॉटेलच्या तलावात, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये. मुलं माझ्या आधी पास झाली. त्यानंतर डायव्हिंगचा कोर्स, त्यात पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालणं, तोंडातला हवेचा रेग्युलेटर सोडून पुन्हा पकडणं, असे प्रकार. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता गेलो. मी गेलो असतो तर माझ्या फाईलवर शेरा काय लिहिला असता, तेही डोळ्यांसमोर यायचं. पण कार्ड मिळालं. मुलीनं लगेच जाहीर केलं की माझा पहिला खरा डाइव्ह इथल्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला, बुडालेल्या मच्छीमार बोटीवर, आणि माझी बडी ती. बडी म्हणजे जोडीदार. पाण्याखाली एकमेकांपासून लांब जायचं नाही आणि एकमेकांच्या जिवाची काळजी घ्यायची. हेच बाप म्हणून मी वरच्या जगात सतरा वर्षं करत होतो, पण त्याचं कार्ड कुणी दिलं नव्हतं.

फेब्रुवारीतला शनिवार. पहाटे निघालो, डोंगरातल्या बोगद्यांमधून खोर फक्कानला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. बायकोनं दिलेली अंडा-चटणीची सँडविचं मी बंदरावर पोहोचायच्या आत संपवली, भीतीनं मला भूक लागते. आम्हाला नेणारा गाईड निघाला रत्नागिरीकडचा. माझ्याच वयाचा, दाढी पांढरी, पंधरा वर्षं इथेच. माझी मराठी ऐकून खूश झाला.

“वसईचे काय? मग तुम्हाला काय सांगायचं काका, दर्या घरचाच,” तो म्हणाला. माझी मुलगी शेजारी उभी राहून हसत होती.

मग त्यानं आम्हाला आणि बरोबरच्या एका जोडप्याला बोटीवर बसवून सगळं समजावलं. बुडालेली बोट सोळा मीटरवर आहे. मुद्दाम बुडवलेली आहे. इंजीन काढून, तेल पुसून, रीतसर परवानगीचं पत्र घेऊन, मासे जमावेत म्हणून. आमच्या गावात बोटी परवानगीशिवाय बुडतात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

“पाणी खाली ठंडा आहे, एकवीस डिग्री. राइट साइडला कुणाचं तरी जुनं जाळं पडलंय, तिकडे जायचं नाही. कुछ भी छूना नहीं. सिलिंडरात दोनशे बार हवा आहे, शंभर झाली की मला दाखवायचं, पन्नासला आपण वर. ओके? यल्ला, चला.”

एकवीस डिग्री. ऑफिसमधला एसी आम्ही अठरावर ठेवतो आणि गरम होतंय म्हणून तक्रार करतो. पण बोटीच्या कडेवरून मागच्या मागे पाण्यात पडल्यावर ते एकवीस वेटसूटच्या मानेतून आत शिरले आणि पाठीवरून कमरेपर्यंत उतरले, तेव्हा माझा श्वासच अडकला. मुलीनं माझा हात धरला, बोटांनी खूण केली: हळू. दोराला धरून आम्ही खाली जायला लागलो. दहा मीटरच्या खाली पाण्याचा आणखी एक थर लागला, पहिल्यापेक्षाही थंड, आणि पाणी हिरवट गढूळ झालं. पाच-सहा मीटरच्या पलीकडचं दिसेना.

मग बोट दिसली. एका कुशीवर किंचित कललेली, केबिनच्या काचा गेलेल्या, कठड्यावर शेवाळ आणि त्याच्यातून जाणारे पिवळ्या पट्ट्यांचे लहान मासे. मी आयुष्यभर कागदावर बुडवलेल्या सगळ्या बोटींपैकी ही पहिलीच डोळ्यांनी बघत होतो. आकार ओळखीचा होता. पुढचं टोक तसंच उंच, मागे जाळं टाकायची जागा तशीच सपाट. पप्पांची बोट कुठेतरी अशीच पडली असेल, हे मला पहिल्यांदाच सुचलं. तीस वर्षं मला ती बोट फक्त गेलेली माहीत होती, कुठेतरी ती असेलही, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला ती मागची बाजू जवळून बघायची होती. पाय मारताना माझा तोल गेला, थोडा प्रवाहही होता, आणि दर्यावर्दी घराण्याचा हा वारस सरळ उजव्या बाजूला वाहत गेला.

गाईड त्या जोडप्याला घेऊन केबिनच्या पलीकडे वळला होता. मुलगी माझ्यामागे आली, माझं जॅकेट पकडून तिनं मला मागे खेचलं आणि त्या झटक्यात ती स्वतः मागे गेली. तिच्या सिलिंडरच्या तोंडाशी जाळं अडकलं.

ती घाबरली नाही. हलायची थांबली, मला बोटानं मागे दाखवलं, तिचा हात तिथवर पोहोचत नव्हता. मग तिनं छातीवरच्या खिशातून लहानसं कटर काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली. याहून स्पष्ट सूचना मला आयुष्यात कुणी दिलेली नाही.

मी तिच्या पाठीमागे गेलो. जाळं बारीक नायलॉनचं होतं, पापलेटच्या मापाचं. तीन-चार डोळे सिलिंडरच्या नळीच्या मागे गेले होते, एक खिट्टीला पिळा मारून बसला होता. मी कटरची दोरी मनगटात अडकवली आणि दोन्ही हातांनी गुंता सोडवायला घेतला.

मी विचार केला, आणि विचार करून असं ठरवलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीही ठरवलं नाही. हात आपोआप तिकडे गेले. ओढायचं नाही, आत ढकलायचं. शेवटचा कुठला अडकलाय? हा. गारठ्यानं बोटांची टोकं बधिर झाली होती तरी त्यांना कळत होतं. पहिला डोळा सुटला. त्या सकाळी पहिल्यांदाच माझा श्वास संथ चालला होता. आपण कालपरवा पोहायला शिकलोय, सोळा मीटर खाली आहोत, हे मी विसरलो होतो. मला मजा येत होती. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मुलीनं मान वळवून दोन बोटांची कात्री करून दाखवली. मी तळहात दाखवला: थांब. तिनं तिचं हवेचं घड्याळ माझ्यापुढे धरलं, नव्वद. पुन्हा कात्री, या वेळी जोरात. मी पुन्हा तळहात दाखवला आणि रेग्युलेटरच्या आत, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणालो, थांब, सुटेल.

दुसरा डोळा सुटला. तिसरा. खिट्टीचा पिळा तेवढा उरला होता. तेवढ्यात माझ्या खांद्याला बाजूला सारून गाईडचा हात आला, हातात सुरी. त्यानं तीन वेळा सुरी फिरवली आणि माझी मुलगी मोकळी झाली. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: अरे, चांगलं जाळं होतं.

वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, शरीराला सवय व्हावी म्हणून. दोराला धरून आम्ही दोघं समोरासमोर लटकत होतो. तिची हवा साठवर आली होती. तिनं एका हातानं माझं जॅकेट घट्ट पकडलं होतं, मी पुन्हा कुठे जाऊ नये म्हणून, आणि मास्कमधून माझ्याकडे बघत होती. वर असतो तर मी काहीतरी बोललो असतो, समजावलं असतं, विषय बदलला असता. तिथे ती तीन मिनिटं मला फक्त तिच्याकडे बघता येत होतं. मनगटाला ते कटर लोंबत होतं, न वापरलेलं. थांबा, सुटेल. मी त्या दिवशी कॉलेजात होतो. मला रडू आलं. मास्कमध्ये रडता येतं, नाक तेवढं पुसता येत नाही.

बोटीवर तिनं पहिल्यांदा गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरला. दात वाजत होते. मग म्हणाली, “व्हाय डिडन्ट यू कट?”

“जाळं होतं,” मी म्हणालो.

“इट वॉज गार्बेज, डॅड! समबडी थ्रू इट अवे! आय वॉज स्टक!”

गाईड सुरी पुसत होता. “काका, कटर हातात था ना?”

“होतं.”

“मग?”

मी मनगटावरची कटरची दोरी सोडवायला लागलो. त्यानं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. “घरी होडी होती?”

“होती.”

“हां,” तो म्हणाला आणि सुरी म्यानात घातली. “खलास. पुढच्या वेळी काका, पोरगी पहिले, जाळं बादमें.” एवढं बोलून तो दुसऱ्या जोडप्याचे सिलिंडर उतरवायला गेला.

परतताना मुलगी फुजैराच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग मीच तिला सगळं सांगितलं: आईचं जाळं, दोऱ्याचं रीळ, अर्धा तास, बोट, ओटा, आणि दर रविवारचा प्रश्नही. सतरा वर्षांत मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही समुद्राची माणसं, एवढंच सांगितलं होतं. ती पाय सीटवर घेऊन, ओले केस टॉवेलात गुंडाळून ऐकत होती.

“सो इट्स जेनेटिक,” ती शेवटी म्हणाली.

“असेल.”

“अँड एव्हरी संडे यू टेल हिम, वन सेकंड?”

“हो.”

“दॅट्स सो मीन, डॅड.” बोगदा आला, गेला. “टुमॉरो यू टेल हिम. प्रॉमिस?”

मी म्हणालो, इन्शाल्ला. इथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असा घेतात, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून मी हो असंच म्हटलं असावं.

रविवारी मिस्सा झाल्यावर फोन लावला. मुलगी माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली, हातात मोबाईल, पण कान इकडे. तब्येत झाली. पाणी आलं. कुंपणाचं शेजारच्यांनी पुन्हा काहीतरी केलं होतं, तेही झालं. इतक्या वर्षांनी मी त्यांना त्यांचं वाक्य द्यायला निघालो होतो, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या मोठेपणानं मी थोडा भारावलोही होतो.

“तू असतास तर कापलं असतंस का रे?”

“नाही, पप्पा,” मी म्हणालो. “मी नसतं कापलं.”

मी घाईघाईनं कालचं सगळं सांगितलं, चारशे दिरहम सोडून. पप्पांनी मध्ये थांबवून तांडेलासारखे प्रश्न विचारले. जाळं कसलं? डोळा केवढा? ओढलंस की ढकललंस? ढकललं, मी म्हणालो. मग विचारलं,

“किती वेळ गेला?”

“चार-पाच मिनिटं असतील.”

“आणि तोवर पोरगी?”

“अडकलेली होती.”

“पाण्याखाली?”

“हो, पप्पा.”

“गाढवा!” ते एवढ्या जोरात ओरडले की मुलीनं मोबाईल खाली ठेवला. “पोर अडकली असताना गुंता सोडवत बसलास? अक्कल आहे का तुला? जाळं कापायचं असतं!”

मी काहीतरी पुटपुटलो. म्हणजे असं की मला वाटलं होतं, तुम्हाला हेच ऐकायचं असेल, की मीही तुमच्यासारखाच.

“माझ्यासारखा कशाला?” ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता, मला फोन कानाला दाबून धरावा लागला. “त्या दिवशी ओल्या कपड्यांनी घरी आलो तर तुझी आई मला म्हणाली, कापायचं ना, मी दुसरं विणलं असतं. एवढंच म्हणाली. परत कधी बोलली नाही. ती गेल्यापासून तेच कानात येतं. मग रविवारी तुला विचारायचो. तू म्हणायचास, एका सेकंदात. तेवढं ऐकलं की आठवडाभर बरं वाटायचं. वाटायचं, पोरगा तरी तसा नाही.”

दीडशे रविवार मी ज्याला शिक्षा समजत होतो त्याच्यावर तो माणूस आठवडे काढत होता, आणि आज मी मोठ्या मनानं ते काढून घेतलं होतं. मुलीनं माझा हात पकडला. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

“आहेस का?” पप्पा म्हणाले.

“आहे.”

“मग आता विचारतो ते नीट सांग. परत अडकली तर कापशील?”

“कापीन, पप्पा.”

“किती वेळात?”

“एका सेकंदात.”

“हं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन वहिनीकडे दिला.